प्रेक्षकांसाठी सूचना

पत्रा सहा बाय चार. आधी पांढरा हात मारला.
वाळेस्तोवर मार्केट कमिटीच्या पायरीवर बसलो.
चोपड्याचं मे महिन्यातलं ऊन,
डब्यातल्या रंगावर साय धरते.

हिलाल आप्पांनी वहीचं पान फाडून दिलंय.
'लाल अक्षरात घे,' म्हणाले, 'दुरून दिसलं पाहिजे.
लीगवाल्यांनी दंड लावलाय आपल्याला, सामना काढून नेतील पुढच्या वेळी.'
मी मान हलवली. ब्रश घासलेटात बुडवला.

आईबहिणीवरून कोणी बोलू नये.
जातीवरून, गावावरून, रंगावरून नाही.
मैदानात बाटली, खडा, केळाचं साल फेकू नये.
पंचाच्या अंगावर जाऊ नये.
पहिल्या वेळी समज. दुसऱ्या वेळी बाहेर.
तिकिटाचे पैसे परत मिळणार नाहीत.

एवढंच.
मी पान उलटून पाहिलं. मागे मंडपवाल्याचा हिशेब होता.

गेल्या सालची गोष्ट. जर्सीवर आकडे टाकायचं काम माझंच होतं.
सगळे खेळाडू रांगेत, कोणाला सात हवा, कोणाला एक.
सायसिंग पावरा शेवटी आला, धडगावकडचा,
खांदे असे की दारातून तिरपा शिरावा.
'कोणता?' मी विचारलं.
त्याच्या गळ्याची शीर फुगली, डोळे मिटले,
'न... न... न...'
मी 'नऊ' म्हणून मोकळा झालो. घाई होती मला, अजून बारा जर्सी होत्या.
तो हसला. 'च... चढाईत नाही होत,' म्हणाला.

खरंच नाही व्हायचं.
मध्यरेषा ओलांडली की त्याच्या तोंडून कबड्डी कबड्डी
अशी सलग निघायची, जणू पाटाला पाणी सोडलंय.
सात जणांत एकटा, आणि कुठे म्हणून अडत नव्हता.

उपांत्य सामना. आपले तीन गुणांनी मागे.
तो आपल्या बोनस रेषेवर पाय टेकवायला आलेला,
मी दुसऱ्या रांगेत, तोंडात चुना-तंबाखू,
ती थुंकलो आणि ओरडलो:
'न-न-न-नऊ!
काय रे भो, अडकी गया का?'

शिवी नव्हती ती. आईबहीण नव्हती, जात नव्हती.
शेजारचा हसला. त्याच्या शेजारचा हसला.
मग पोरांनी उचललं, मग पत्र्याच्या छताखालचं अख्खं गाव
न-न-न करत टाळ्या पिटायला लागलं.
त्याने एकदा मान वर केली.
क... क...
पंचाची शिट्टी. दम तुटला.

आपण जिंकलो. आप्पांनी शेवभाजी घातली, दोन ताटं जास्तीची झाली.
कोणी सुरू केलं ते कोणालाच माहीत नाही,
एवढ्या गर्दीत कोणाला ऐकू येणार!

'आप्पा, एक ओळ अजून टाकू का खाली?'
'कोणती?'
मला सांगता येईना.
'जागा कुठे शे पत्र्यावर,' ते म्हणाले, 'तळाशी प्रायोजक यायचेत.
ठिबकवाल्यांचं नाव मोठं घे.'

चार वाजता पाहुण्या संघाची गाडी लागली.
मी शिडीवर होतो. खाली कोणीतरी उभं राहिलंय
हे सावलीवरून कळलं. खांद्यांवरून ओळखलं.
तो वाचत होता, ओठ हलवत, वरून खाली,
एकेका अक्षराशी थांबत.
मग माझ्याकडे बघून
'प... प...'

पुढचा शब्द मला माहीत होता.
तोंडाशी आला होता.
मी ब्रश दातात धरला.
टर्पेंटाइनची कडू चव जिभेवर, आणि ऊन, आणि तो अडलेला,
आणि गाडीचा ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय.
किती वेळ गेला ते मोजलं नाही.

'प... पेंटर,' तो म्हणाला, 'शि... शिवीची
वे... वेलांटी चुकली. प... पहिली.'

पाहिलं. आप्पांच्या कागदावर शिवी कुठेच नव्हती.
वरचं मथळ्याखालचं वाक्य मीच माझ्या मनाने घातलेलं:
'शीवी देण्यास मनाई.'

चिंधीने पुसली. ओला लाल रंग पांढऱ्यावर पसरला,
आणखीच वाईट दिसायला लागला.
त्याने खालून शिडी धरून ठेवली होती.