फावड्याची पाळी

सिनेगॉगच्या दारामागे, कोटांच्या खुंट्यांशेजारी
नोव्हेंबर ते एप्रिल एक कागद असतो.
त्यावर तारखा, आणि तारखांपुढे आम्ही:
पायऱ्यांवरचा बर्फ कोणी कधी उपसायचा.
अक्षर फ्रूमा लिप्शुल्ट्झचं,
ताठ, निळं, अपील नसलेलं.
आजारी असाल तर डॉक्टरची चिठ्ठी आणा,
मरणार असाल, ती म्हणायची,
तर दोन दिवस आधी कळवा.

तिने स्वतः कळवलं नाही.
जानेवारीतला दुसरा मंगळवार, उणे एकतीस,
सरोवर काठापासून नजर पोचेल तिथवर गप्प,
खनिजाची जहाजं धक्क्याला थिजलेली,
आणि एकोणनव्वदाव्या वर्षी फ्रूमा
फोन मांडीवर घेऊन खुर्चीत.
पलीकडून ॲव्ह्रम झेल्डिन
पाठदुखीची सबब अजून सांगतच होता.

आमच्यात मढं ताटकळत ठेवत नाहीत.
पण जमीन कोणाचं ऐकते?
चार फूट खोल माती दगड झालेली,
कुदळ मारली की ठिणगी.
म्हणून आधी विस्तवाने ती जागा मऊ करायची:
कोळशाचा थर, वर लोखंडी झाकण,
आणि एक अख्खी रात्र, अर्धा दिवस
कोणीतरी जागं.

दोन पाळ्या लागल्या.
खालच्या खोलीत, पांढऱ्या कापडातल्या तिच्यापाशी
बायका स्तोत्रं वाचत बसल्या, दोघी दोघी.
टेकडीवर आम्ही, दोघे दोघे, मातीपाशी.
कागद कोणी लावला नव्हता,
तरी कोणाची पाळी चुकली नाही.

दोन ते चार माझ्याबरोबर इलाय ब्रॉन्स्की,
सतरा वर्षांचा, चष्म्यावर बर्फाची साय.
तो तेरा पूर्ण झाला तेव्हा सगळ्यांनी पेनं दिली, पाकिटं दिली.
फ्रूमाने लाल दांड्याचं फावडं दिलं.
म्हणाली, आता प्रार्थनेच्या दहांत मोजतात तुला,
बर्फातही मोजू.

त्याने विचारलं, आपण हिवाळाभर रोज म्हणतो,
वारा वाहवणारा तू, पाऊस पाडणारा तू.
इथे कोणाला हवाय पाऊस?
मी म्हटलं, ती ओळ दुसऱ्या देशातल्या शेतांसाठी आहे.
तो म्हणाला, मग आपल्यासाठी कोण म्हणतं?
मला येत नव्हतं उत्तर. मी कोळसा सारला.

थर्मासमध्ये बार्लीचं सूप होतं, तिच्याच हातचं,
तिच्या फ्रीझरमधून काढलेलं,
डब्यावर तारीख, त्याच निळ्या अक्षरात.
मेलेल्या बाईने वाढलेलं
तिचीच कबर शेकत प्यालो.
यात काही चुकतंय का, शोधून पाहिलं.
मीठ कमी होतं. नेहमीसारखंच.

चारच्या सुमारास झाकणाच्या कडेने वाफ सुटली
आणि त्या कोरड्या, काचेसारख्या हवेत
एकदम वास आला, तळघरातल्या बटाट्यांचा.

पहिली माती फावड्याच्या पाठीने लोटतात,
हे काम हाताला सवयीचं वाटू नये म्हणून.
आम्ही सवयीची माणसं,
वर्षातले पाच महिने दुसरं करतो काय?
इलायने लाल दांड्याचं आणलं होतं.
उलटं धरलं. अर्धी माती घसरली.
मग त्याने ते कोणाच्या हातात न देता
ढिगाऱ्यात रोवलं, रीतीप्रमाणे,
आणि पुढच्याने उचललं.

गुरुवारी रात्रभर बर्फ पडला.
कागदावर शुक्रवारपुढे नाव: फ्रूमा.
शब्बाथच्या आदल्या दुपारी ती नेहमी स्वतःला लावायची,
बाकीच्यांवर तिचा भरवसा नव्हता.
कोणी खोडलं नाही.
कोणी उपसलाही नाही,
पाळी बदलायची तर आधी तिला विचारावं लागतं.

दिवस पाच वाजायच्या आत बुडाला.
गुडघाभर बर्फातून, एकमेकांची कोपरं धरून
आम्ही पायऱ्या चढलो, पायरी कुठे ते अंदाजाने.
तिसरीवर ॲव्ह्रम झेल्डिन बसलाच,
आणि यिडिशमधला एक शब्द बोलला,
जो त्या दारात बोलत नाहीत.

कोणी हसलं नाही.
सगळे जरा थांबलो,
आतला फोन वाजेल म्हणून.