पावशेर काळीज

तीस वर्षं झाली गंगावेशीत दुकानाला.
बकऱ्याचं काळीज तळहातावर घेतलं
की कळतं मला,
गार, जांभळट, चकाकतंय
का आतनं खरबरीत झालंय.
खराब असलं तर गिऱ्हाइकाला घालत नाही.

सीपीआरमधली डॉक्टरीण म्हणाली, लिव्हर.
यकृत हो, यकृत.
मी म्हटलं, ताई, आम्ही त्यालाच काळीज म्हणतो.

इंद्रजित कॉटवर.
डोळ्यांचं पांढरं पिकल्या लिंबागत.
‘गोळी घेतलीस का कसली? रात्रभर नाचायची?’
त्यानं भिंतीकडं तोंड केलं.
गगनबावड्याकडं कुणाच्या तरी फार्महाऊसवर,
दोस्ताच्या वाढदिवसाला, अर्धी.
मग उरलेली अर्धी.
मग दर शनवारी.
मला वाटायचं, पोरगं उशिरापर्यंत अभ्यास करतंय.

त्याच्या आईनं कळंब्याहून
काविळीचा पाला आणलाय पदरात बांधून.
डॉक्टरीण म्हणाली, असलं काही देऊ नका.
पाला सुकला,
तिनं गाठ सोडली नाही.

आज दुकान उघडलं.
पहिलंच गिऱ्हाईक :
मामा, पावशेर काळीज घाला.
हातात घेतलं.
चांगलं होतं.
बराच वेळ तसाच उभा राहिलो धरून,
काट्यावर ठेवायचं
ध्यानातच आलं नाही.