वर दोन कांदे

मोराज सर्कल ते किल्ला जंक्शन, आणि परत.
मग पुन्हा तेच.
पामबीच रोड एवढा लांब आहे
हे सव्वीस वर्षं बसच्या खिडकीतून कळलं नव्हतं.

मी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हिशेब लिहिते,
गाला शेठच्या पेढीवर.
वय एकोणपन्नास. गुडघे त्याहून दोन वर्षांनी मोठे.

नेरूळच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या,
कानाची यंत्रं मिळतात हो,
यंत्राच्या खोक्यावर दात्याचं नाव घालता येतं.
बॅटरीवर कुठे घालणार?
वाटाण्याएवढी ती, नऊ-दहा दिवसांत संपते,
आणि महिनाअखेरीला
आमची चाळीस मुलं पुन्हा बहिरी होतात.

म्हणून वही घेऊन मार्केटभर फिरले.
किलोमीटरला किती, बोला.
सर्जेराव धुमाळनं पाच लिहिले,
"एवढं तर गोणीमागं मला मिळत न्हाई," म्हणाला,
आणि पाचाचे सात केले.
चहावाला इर्शाद म्हणाला, पैसे नाहीत,
पण त्या दिवशी पहाटे चारला चहा पाजीन.
पाजला. आलं जास्त घालून.
शेठ चष्म्यावरून बघत राहिला.
"अर्धी गोण मी तोलत नाही. पोचलीस तर पन्नासनं."

अंधारात निघालो. खारफुटीतून ओल्या चिखलाचा वास,
सारसोळ्याजवळ पाट्या घेऊन चाललेल्या दोघी थांबल्या,
"कोन लागलाय गो तुजे पाठी?"
हसू आलं, आणि हसण्यात दम गेला.
करावे गावापाशी उजाडलं.
बाराव्याला मी मनात स्वतःची पाठ थोपटली.
ती घाई झाली.

तेहतिसाव्याला पोटऱ्यांनी वही मिटली.
दुभाजकावर बसले.
रुग्णवाहिकेतला पोरगा मीठ-लिंबू घेऊन आला,
"मॅडम, गाडीत बसता का? एसी आहे."
एसी आहे.
आणि नेमकं तेव्हाच आठवलं:
पैसे तर जमा आहेत.
शेठनंसुद्धा काल रात्री पुऱ्या बेचाळीसचे मोजून दिले,
"उधारीवर कुणी धावू नये," एवढंच बोलून.
माझ्या पायांवर आता एकही बॅटरी अडलेली नव्हती.
एवढी मोकळी बाकी
मी उभ्या जन्मात काढली नव्हती.

उठले.
का, ते विचारू नका, वहीत त्याला रकाना नाही.
पुढचं धावणं नव्हतंच,
हातगाडी ढकलतात तसं मला मी ढकललं,
माल माझाच, हमालही मीच,
आणि शिव्या कुणाला घालायच्या तेही कळेना.
सानपाड्याचा सिग्नल दिसत होता
आणि तिथेच होता,
वीस मिनिटं, नुसता दिसत.

बेचाळीस झाले.
आणि वर एकशे पंचाण्णव मीटर,
तोलून झाल्यावर गिऱ्हाइकाच्या पिशवीत
टाकतात तसे वर दोन कांदे.
त्या दोन कांद्यांनी रडवलं.

शेवटी ढोल, डीजे, कमान,
माइकवाला ओरडत होता, "वत्सल ठाकूर! वत्सल ठाकूर!"
(मी वत्सला ठोसर.)
कठड्यामागे शाळेची रांग उभी,
सगळ्यांचे हात वर, बोटं थरथरत,
त्यांची टाळी अशीच असते,
त्या एवढ्या दणदणाटात
तेवढीच मला नीट ऐकू आली.

आठ वर्षांची जुईली पुढे होती.
तिचं यंत्र कानात नव्हतं, मुठीत होतं.
मी हातांनीच विचारलं, काढलंस का?
तिनं डीजेकडे बघून नाक मुरडलं.
मग माझ्यासाठी, मला अजून हातांची भाषा अडखळत येते म्हणून,
एकेक खूण सावकाश करत सांगितलं:
हा नुसता गोंगाट.
याच्यावर बॅटरी कशाला घालवू?
सोमवारी गोष्टीचा तास आहे.