आठ आणे

साखर पेठेत, पिठाच्या गिरणीला लागून,
सिद्रामअण्णाचं गेमचं दुकान.
त्यात एक मशीन तीन-तीनचं.
आपले तीन, समोरचे तीन.
एक पडला की दुसरा, दुसरा पडला की तिसरा,
तिसरा पडला की रुपया गेला.

रुपया आमचा तिघांत एक.
पुरुषोत्तम चिलवेरीचे आठ आणे,
मुदस्सरचे चार, माझे चार.
मशीन विचारायचं, पहिला कोण, मग कोण, शेवटी कोण,
आणि पुरू पहिल्या चौकोनावर दांडी नेऊन म्हणायचा,
"मी जातो बे आधी. तुम्ही या मागनं."

खाली, तिरपं, पुढं, बुक्की.
त्याची आई दिवसाला हजार विड्या वळायची,
पान, तंबाखू, मुडप, दोरा,
न बघता, शेजारणीशी तेलुगूत भांडत.
तेच हात पुरूचे.
पडद्यावरच्या तळव्यातून जाळ निघायचा
आणि पीठ बसलेल्या काचेत
आमची तीन तोंडं उजळायची.

आता खरं सांगतो.
तो जिंकत असताना आम्ही ओरडायचो, मार पुरू, मार,
आणि मनात म्हणायचो, पड.
तो पडल्याशिवाय माझी पाळी नाही,
मी पडल्याशिवाय मुदस्सरची नाही.
मुदस्सर कितीदा तरी चार आणे देऊन
नुसतं बघून घरी गेला. बोलला नाही कधी.
फक्त माझी पट्टी लाल झाली
की त्याचा श्वास माझ्या मानेला लागायचा.

विजापूर वेशीचा एक चष्मेवाला यायचा.
अख्खा रुपया एकट्याचा. तिन्ही गडी त्याचेच.
नववीच्या वह्या घ्यायच्या त्या आठवड्यात
पुरूनं त्याचे दोन आडवे केले,
तिसऱ्याला अर्ध्यावर आणला,
आणि अण्णाच्या भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं.
पावणेतीन.
तीनला कारखान्यात पाळी होती. पहिलीच.
बापानं मालकाशी बोलून ठेवलं होतं,
आम्हाला तो काहीच बोलला नव्हता.

"घे," म्हणाला. "अर्धी पावर हाय अजून. वापर."
आणि दांडी सोडली.

मी पुढं सरकेपर्यंत
तो गडी पडद्यावर तसाच उभा,
कुणाचाच हात नसलेला,
मुठी वर, जागच्या जागी झुलत,
मार खात.

"बघून तरी जा की," मी ओरडलो.
बाहेर चपलांचा आवाज, मग तोही नाही.
मी दांडी धरली, एक लाथ बसली, दुसरी बसायची
तेवढ्यात लाईट गेली.

पेठेतले सगळे माग एकदम गप्प.
एवढा आवाज होता, हे तेव्हाच कळायचं.
पुरू तेव्हा उंबऱ्यात असेल कारखान्याच्या,
किंवा एक पाय आत.

अण्णानं चष्मेवाल्याला त्याचा रुपया दिला,
आमचा माझ्या हातावर ठेवला.
मुदस्सरनं माझ्याकडं बघितलं, मी त्याच्याकडं.
भजी गरम होती.

परवा कन्ना चौकात भेटला.
भिवंडीहून आला होता, भाचीच्या लग्नाला.
केस गेलेले, आवाज मोठा,
माग चालवणाऱ्यांचा होतो तसा.
बायको कशी, पोरं किती, काही नाही.
चहा हातात येताच,
"जिंकलास का बे त्या दिवशी?"

"लाईट गेली," मी म्हणालो.
"काय?"
"लाईट गेली!"
टपरीवरच्या सगळ्यांनी वर बल्बकडं बघितलं.
बल्ब चालू होता.
पुरू इतका हसला की बशीत चहा सांडला,
आणि मी खिशात हात घालेपर्यंत
टपरीवाल्याच्या हातात त्यानं नोट दिली होती.