चौथा रकाना

वरुडच्या अलीकडे, फाट्यावरून आत तीन किलोमीटर,
बंद पडलेल्या जिनिंगच्या टिनाच्या शेडात
दोन पिंजरे, मधे जाळी.
जाळी बारीक नको, निमजे मॅडमनी बजावलं होतं,
एकीचं दुसरीला दिसलं पाहिजे.

माझ्याकडे घड्याळ आणि तक्ता.
तक्त्यात तीन रकाने: घेतलं. नाकारलं. फेकलं.
पंचफुलाबाई हात पुढे करते,
माकडीण तळहातावर गोटा ठेवते,
बदल्यात काकडीची चकती.
बारा दिवस हेच.
गोटा, काकडी. गोटा, काकडी.
दोघी कुरुमकुरुम खायच्या,
वर टिन तडतडायचं उन्हानं,
आणि कुणाचं काही म्हणणं नव्हतं.

कागदावर त्या म-सात आणि म-नऊ.
पंचफुलाबाईच्या तोंडी सोनकी आणि भुरी.
"नंबरानं हाक मारली तं कोन येईन जी?"

तेराव्या दिवशी सोनकीला संत्र्याची फोड.
गोटा तोच, हात तोच.
भुरीला काकडी.
पहिली तिनं खाल्ली.
दुसरी हुंगली, जाळीपलीकडे पाहिलं,
सोनकीच्या हनुवटीवरून रस गळत होता,
आणि चकती अशी भिरकावली
की माझ्या चष्म्यावर बी चिकटली.
मी लिहिलं: फेकलं. चार सेकंद.

मॅडम खूश. फोनवर कुणाला तरी सांगत बाहेर गेल्या.
पंचफुलाबाईनं चकती उचलली, पदराला पुसली.
"कालवरी गोड लागे हेच."

शनिवारी हजेरीची वही.
रुमदेव पिंजरे धुतो, पाणी भरतो: साडेतीनशे रोज.
पंचफुलाबाई पिंजरे धुते, पाणी भरते,
काकडी चिरते, हात पुढे करते,
अंगठ्यावर दोन चावे:
अडीचशे.
वहीत रकाना आधीच छापलेला, मजूर, स्त्री.
नोटा मीच मोजून देतो.
रुमदेव सायकलला टेकून थुंकीनं बोट ओलं करत मोजत होता.
तिनं त्याच्या हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
मग घडी करून कमरेला खोचल्या.
घेतलं.
किती सेकंदांनी, मी मोजले नाहीत.

माझा पगार बँकेत जमा होतो.
तो जाळीतून दिसत नाही.

"बाई, तुम्ही काऊन नाही फेकत?"
मी गमतीनं विचारलं, म्हणजे मला वाटलं गमतीनं.
ती सुरी धूत होती.
"भुरीले सांजच्याले खायाले भेटतेच ना, किती बी फेकलं तरी.
तुमचा नियमच हाय तसा.
मंग फेकता येते."

सोळाव्या दिवशी सोनकीनं फोड घेतली
आणि खाल्ली नाही.
धरून बसली.
भुरीच्या रिकाम्या हाताकडे पाहत,
मग आपल्या हाताकडे, मग परत तिकडे.
दिली नाही. टाकली नाही.
एक मिनिट. दोन.
पोट भरलं असेल, मॅडम म्हणाल्या, उद्या पुन्हा घेऊ.

मी पेन्सिलीनं तक्त्याच्या कडेला एक रेघ ओढली,
चौथा रकाना.
पंचफुलाबाई खांद्यावरून वाकली.
"याच्यावर काय लिवता?"
ठरलं नाही अजून, मी म्हणालो.
घड्याळ चालूच ठेवलं होतं.
फोडीवरची साल सुकत चालली होती.