आठ अक्षरं

निपाणीत तंबाखूच्या वखारीवर, अरुंद जिन्यानं वर,
भरमाण्णा मुतगेकरांचा कॉम्प्युटर क्लास.
तीन मशीन, एक पंखा, आणि खालून येणारा तो वास
ज्यानं नव्या पोरांना शिंका यायच्या, आम्हाला भूक.
टायपिंगचा तास संपला की सर चहाला जायचे.
आम्ही सीडी घालायचो.

अडिवेप्पाच्या खेळात नायकाचं नाव आधीच ठरलेलं.
गाव जळणार हेही ठरलेलं.
बहीण तिसऱ्या सीडीवर मरायची ती मरायचीच,
औषधाच्या बाटल्या कितीही जमवा.
त्यानं जमवल्या. नव्याण्णव.
ती गेली तेव्हा माझ्याकडं वळून म्हणाला,
बाटल्या तशाच राहिल्या की गं.

माझा खेळ आधी विचारायचा, तू कोण?
नाव टाक, आठ अक्षरांत.
इंग्रजीत टाकत गेले, एनवर येऊन अडलं.
वैजयन.
वेशीवरचे पहारेकरी मला महाराज म्हणू लागले.
अडिवेप्पानं आपलं टाकून पाहिलं,
तो बरोब्बर आठांत बसला
आणि दोन दिवस ऐटीत हिंडला.

मग नदी आली. नदीवर नावाडी.
कुठून आलास? त्यानं विचारलं,
आणि खाली तीन उत्तरं उमटली:
खरं सांग, खोटं सांग, गप पैसे दे.
मी अर्धा तास विचार केला. खरं सांगितलं.
बस, पाणी वाढतंय, तो म्हणाला.
दुसऱ्या दिवशी मागं जाऊन खोटं सांगितलं.
बस, पाणी वाढतंय.
पैसे दिले.
बस, पाणी वाढतंय.

तीन उत्तरं, आणि नाव एकच.
अडिवेप्पा हसून हसून खुर्चीवरनं घसरला.
सुळ्ळु गं, सगळं सुळ्ळु! माझा खेळ निदान
मारणार म्हणतो आणि मारतो.
मी चार दिवस त्याच्याशी बोलले नाही.

घरी आई आणि गल्लीतल्या सहाजणी विड्या वळायच्या,
सूप मांडीवर, आणि गंगव्वा गोष्ट सांगायची.
सुरुवात कन्नडात, राणी बोलली की मराठीत,
शिव्या दोन्हीत.
हजार भरल्याशिवाय गोष्ट संपवायची नाही, हा नेम.
मधेच कुणीतरी म्हणायचं,
धाकटीला नको गं विहिरीत ढकलू.
गंगव्वा पान कातरत राहायची.
जरा वेळानं विहिरीला पायऱ्या निघायच्या.

एकदा मात्र तिनं कुणाचंच ऐकलं नाही.
आई म्हणाली, काकी म्हणाली, मीसुद्धा म्हटलं.
न्हाई, ह्या बारीला मरतीया ती.
दोरा गुंडाळायचे हात थांबले.
त्या दिवशी आईच्या तीसेक विड्या छाटात गेल्या
आणि कुणी गंगव्वाला बोललं नाही.

पाचव्या दिवशी हे अडिवेप्पाला सांगितलं.
तो कितीतरी वेळ माऊसची वायर बोटाला गुंडाळत बसला.
तिला कसं कळतं गं,
कधी ऐकायचं आन् कधी नाही?
मला ठाऊक नव्हतं. अजून नाही.

दहावीनंतर तो धारवाडला गेला, मी कोल्हापूरला.
तीन उत्तरं कुणी उमटवली नाहीत,
फॉर्म वडलांनी भरले.
जाताना त्यानं एक फ्लॉपी दिली.
तुझाच खेळ हाय, म्हणाला, मी खेळलो.
नावाड्यापाशी उभा हाय. काय सांगितलं न्हाई अजून.

फ्लॉपीवर कन्नडात माझं नाव, अख्खं.
तेव्हा पहिल्यांदा मोजलं:
वै, ज, यं, ता. त्याच्या लिपीत चार, माझ्याही लिपीत चार.
अ, डि, वे, प्पा.
त्याचीही चारच.

ती वाचणारं मशीन आता कुठं मिळत नाही.
पाणी वाढत असेल.