तीन सामन्यांवरून

तीनच सामने झालेत.
एवढ्यात काही बोलू नये
असं मी दरवर्षी म्हणते, आणि दरवर्षी
मेडिकल चौक येईपर्यंत
सगळं बोलून झालेलं असतं.

पहिला शून्य-शून्य.
मैदानात गवत कमी, सराटे जास्त.
फक्कीवाल्याचा चुना अर्ध्यातच संपला,
म्हणून रेल्वेच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात
चेंडू बाहेर गेला की नाही
ते ज्याचा आवाज मोठा त्यानं ठरवायचं.
आमचा मोठा आहे.
आम्ही अजनीचे, इंजिनाच्या आवाजावरून बोलायला शिकलेले.

नवा कोच वहीत काहीतरी लिहीत बसतो.
मागून डोकावून पाहिलं :
अकरा टिंबं, आणि टिंबांमधून बाण.
बाण सगळे पुढं जाणारे.
मैदानात आमचे पोट्टे मात्र
चेंडू मागं देतात, अजून मागं,
जसं उधारीवाला दिसला की गल्ली बदलावी.

दुसरा हरलो. एक-तीन.
मडावीच्या गुडघ्याला निळी पट्टी आहे यंदा.
वळताना तो आधी डोळ्यांनी वळतो,
मग खांद्यानं,
आणि पाय मागून विचारत येतात : नक्की जायचं ना?
अकरा वर्षं त्याच्या उजव्या बाजूनं
कुणी सुखानं गेलं नाही.
परवा कामठीचा एक मिसरूड न फुटलेला पोरगा
दोनदा गेला.
दुसऱ्यांदा तर मडावीनंच त्याची पाठ थोपटली.
मला ते आवडलं नाही.
मग घरी येऊन भाकरी थापताना आवडलं.

हे मी सांगते कारण मी ह्यांची शिलाईवाली.
चौदा वर्षांपूर्वी जर्स्या पोचवायला गेले,
रिक्षा मिळेना म्हणून अर्धा तास थांबले,
ती अजून थांबलेच आहे.
नव्या जर्स्यांना पैसे नाहीत. त्याच हळदी रंगाच्या,
धुऊन धुऊन वरणाच्या झालेल्या.
कुणी क्लब सोडला की मी ब्लेडनं
पाठीवरचं नाव उसवते, दुसरं लावते.

इम्तियाज नोकरीसाठी पुण्याला गेला.
नऊ नंबर आता सुगतला, वय अठरा.
चार अक्षरांच्या जागी तीन,
एका अक्षराची जागा मोकळी,
तिथं नुसती सुईची भोकं.
ऊन तिरपं झालं की त्या भोकांतून
जुन्या नावाचा ‘ज’ अजून वाचता येतो.
निदान मला येतो.

तिसऱ्यात सुगतनं दोन गोल घालवले.
एक तर असा, की गोलकीपर
हातमोजा नीट करत होता.
आप्पाराव खुर्चीतून उठले, बसले, म्हणाले,
‘‘काऊन घेतलं बे याले?’’
पुढच्याच मिनिटाला सदरच्या बॅकनं
सुगतला घाबरून
चेंडू स्वतःच्याच जाळीत मारला.
घाबरून! आमच्या सुगतला!
आणि हा हात पसरून असा धावला
जसं सगळं त्यानंच ठरवलं होतं.
दोन-एक. जिंकलो.
आप्पाराव म्हणाले, ‘‘चालते, पोट्टं चालते.
पण थंडी पडू दे. थंडीत कळते.’’

काल संध्याकाळी तो दुकानात आला,
जर्सी प्लास्टिकच्या पिशवीत, ओलीच.
‘‘ताई, नाव पक्कं करून द्या ना.
‘त’ लोंबून राहिला.’’
मी कच्च्या धावदोऱ्यानंच लावलं होतं.
नव्यांचं मी तसंच लावते,
त्यांना सांगत नाही.
म्हटलं, ठेवून जा.

तो गेल्यावर मशीनला पिवळा दोरा ओवला.
‘सु’ पक्का केला.
‘ग’ पक्का केला, कडेनं दुहेरी टीप.
‘त’ तेवढा राहू दिला.

रविवारी पोलीसवाल्यांशी आहे.